हॅलोविनच्या आठवड्यातली जुनी भुतं: कॉमिक्स आणि कार्टून पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसमधल्या आमच्या घराच्या दारात दोन दिवे लागतात. वर आकाशकंदील आणि खाली पायरीवर कोरलेला भोपळा. बहुतेक वर्षी दिवाळी आणि हॅलोविन हाकेच्या अंतरावर असतात. २०२४ साली तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली. सकाळी उटणं आणि फराळ, संध्याकाळी दारात चिमुकल्या चेटकिणी आणि सांगाडे, हातात चॉकलेटसाठी पिशव्या.

या आठवड्यात मी दरवर्षी नेमाने जुनी अमेरिकन भुताची कॉमिक्स वाचते आणि जुनी कार्टून बघते. नव्याने इकडे आलेली मराठी मंडळी, आणि आता पुण्या-मुंबईतली भाचरंसुद्धा, विचारतात की यात शिरायचं कुठून. रंग फिके, छपाई खरखरीत, भाषा सत्तर वर्षांपूर्वीची. पहिलं पान उघडून अनेकजण तिथेच थांबतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. या गोष्टी ऐकायच्या आहेत. डोळ्यांनी भराभरा वाचून संपवल्या तर त्या पोरकट वाटतील. कुणीतरी आवाज लावून सांगितल्या की त्याच गोष्टी अंगावर येतात. दिवे गेल्यावर आजी किंवा एखादा मामा भुताची गोष्ट सांगायचा, तेव्हा गोष्टीत फारसं काही नसायचं. सगळी भीती सांगणाऱ्याच्या आवाजात आणि थांबण्यात असायची. चांदोबा वाचलेल्यांना तर हे सांगायलाच नको. विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत घाबरवत नाही, ते गोष्ट सांगतं. अमेरिकन भुताच्या कॉमिक्समध्येही नेमकं हेच आहे: प्रत्येक मासिकाला स्वतःचा एक वेताळ आहे. त्याच्याकडे येऊच.

आधी कार्टून, तेही सगळ्यात जुनं

कॉमिक हातात घेण्याआधी दोन-तीन संध्याकाळी कार्टून बघा. सहा ते आठ मिनिटांची असतात, त्यात संगीत असतं, इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही.

पहिलं बघायचं ते 'द स्केलेटन डान्स'. डिस्नेचं, १९२९ सालचं, 'सिली सिम्फनी' मालिकेतलं पहिलं. बोलपट नुकते आले होते, आणि चित्र आणि सूर यांचा मेळ किती नेमका बसवता येतो हे या मंडळींना दाखवायचं होतं. संगीत कार्ल स्टॉलिंगचं, चित्रं मुख्यतः अब आयवर्क्सची. स्मशानात चार सांगाडे उठतात आणि नाचतात, एवढीच गोष्ट. संवाद एकही नाही.

ते दोनदा बघा. पहिल्यांदा आवाज मोठा ठेवून, खोलीतले दिवे घालवून. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. आवाज बंद केला तरी ठेका ऐकू येत राहतो, कारण तो हाडांच्या हालचालीतच आहे. एक सांगाडा दुसऱ्याच्या मांडीची हाडं घेऊन त्याच्याच बरगड्यांवर काष्ठतरंग वाजवतो तो तुकडा तर पुन्हा मागे नेऊन बघा. शेवटी कोंबडा आरवतो, पहाट होते, आणि सगळ्यांची पळापळ. घाईत एकमेकांत गुंतून एकच सांगाडा झालेली ही चौकडी थडग्यात उडी मारते, दगड बंद होतो, पण पावलं बाहेरच राहतात. पावलं दगडावर आपटतात, एक हात बाहेर येतो आणि त्यांना आत ओढून घेतो. मी हे किती वेळा बघितलं असेल याची गणती नाही, तरी त्या हाताची वाट बघावीशी वाटते.

आणखी एक सोय म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून हे कार्टून अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त झालं आहे. इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी निर्धास्त बघता येतं.

दुसऱ्या संध्याकाळी न्यूयॉर्कला जा, म्हणजे फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओकडे. डिस्नेची भुतं गोड होत गेली. फ्लायशरांची भुतं शहराच्या रात्रीतली आहेत, जाझ ऐकत जागणारी. १९३२ चं 'मिनी द मूचर' बघा. सुरुवातीला जाझ गायक कॅब कॅलोवे आपल्या वाद्यवृंदासमोर प्रत्यक्ष नाचताना दिसतो. मग कार्टून सुरू होतं. फ्लायशरांची नायिका बेटी बूप हिला जेवणावरून घरात ओरडा बसतो, ती आपला मित्र बिम्बो याच्याबरोबर पळून जाते, एका गुहेत शिरते, आणि तिथे भुतासारखा पांढरा वॉलरस गाऊ लागतो. त्याची चाल बघा. घसरत, पाय न उचलता केलेलं ते नाचणं कॅलोवेचंच आहे. मॅक्स फ्लायशरने रोटोस्कोप नावाचं यंत्र शोधलं होतं. खऱ्या माणसाचं चित्रण एकेक चौकट करून काचेवर पाडायचं आणि त्यावरून रेखाटायचं. म्हणून त्या वॉलरसच्या अंगात जिवंत माणूस वावरतोय असं वाटतं, आणि भीती तिथूनच येते. ही जोडी आवडली तर पुढच्या वर्षीचं, १९३३ चं 'स्नो-व्हाइट' लगेच लावा. त्यातही कॅलोवे आहे.

एक सूचना मनापासून. १९३० आणि ४० च्या दशकांतल्या कार्टूनमध्ये कृष्णवर्णीयांची आणि इतर समाजांची चित्रणं काही ठिकाणी अपमानकारक आहेत. मुलांना दाखवण्याआधी स्वतः बघा, आणि मुलं मोठी असतील तर त्यावर बोला. गाळून टाकण्यापेक्षा बोलणं बरं, असं माझं मत आहे.

थोडा इतिहास: १९५४ लक्षात ठेवा

फार इतिहास नको, पण एक साल पाठ करा. भुताची अमेरिकन कॉमिक्स १९५४ च्या आधीची आणि नंतरची अशी सरळ दोन भागांत पडतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर भुताची मासिकं निघू लागली. 'अॅडव्हेंचर्स इनटू द अननोन' हे १९४८ साली सुरू झालं आणि सलग चाललेलं या जातीचं ते पहिलं मासिक. मग १९५० मध्ये ईसी कॉमिक्सचा प्रकाशक बिल गेन्स आणि त्याचा संपादक अल फेल्डस्टाइन यांनी तीन मासिकं काढली: 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' आणि 'द हॉन्ट ऑफ फिअर'. किंमत दहा सेंट. ती इतकी खपली की इतर प्रकाशक धडाधड मागे आले.

१९५४ च्या वसंतात फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं पुस्तक आलं. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, गुन्हेगार होतात, हा त्याचा आरोप. त्याच एप्रिलमध्ये सेनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावणी घेतली. गेन्स स्वतःहून साक्षीला गेला. सेनेटर कीफॉवरने त्याच्यासमोर ईसीच्याच एका मासिकाचं मुखपृष्ठ धरलं: एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं डोकं. हे सुरुचीला धरून आहे का, असं विचारल्यावर गेन्स हो म्हणाला, भयकथेच्या मुखपृष्ठासाठी आहे. डोकं जरा वर धरून मानेतून ठिबकणारं रक्त दाखवलं असतं तर ती कुरुची झाली असती. खोलीतल्या माणसांना ते पटण्यासारखं नव्हतंच.

प्रकाशकांनी सरकारी बंदी टाळण्यासाठी त्याच वर्षी आपणच एक आचारसंहिता केली, कॉमिक्स कोड. मासिकाच्या नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द नकोत. चालती प्रेतं, रक्तपिपासू, लांडगामानव नकोत. हा कायदा नव्हता. पण मुखपृष्ठावर कोडचा शिक्का नसेल तर वितरक गठ्ठे उचलायला तयार नसत, त्यामुळे कायद्याइतकाच कडक. ईसीची तिन्ही भयमासिकं वर्षभरात संपली. गेन्सकडे एकच गोष्ट टिकली, 'मॅड' हे विनोदी कॉमिक. त्याचं त्याने १९५५ मध्ये मोठ्या आकाराचं मासिक केलं.

जुन्या अंकाच्या वरच्या कोपऱ्यात तो छोटा पांढरा शिक्का आहे का, हे बघायची सवय लावा. शिक्का नसेल आणि साल १९५४ किंवा आधीचं असेल, तर आत काहीही असू शकतं. शिक्का असेल तर भुतं सभ्य असणार.

कॉमिक्स मिळवायची कुठून

फुकट आणि कायदेशीर वाटेने सुरुवात करा. अमेरिकेत १९६४ च्या आधी छापलेल्या मजकुराचा स्वामित्वहक्क अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरण करून घ्यावा लागे. बंद पडलेल्या कित्येक छोट्या प्रकाशकांनी तो केला नाही. त्यामुळे त्यांची कॉमिक्स आज सगळ्यांची आहेत. डिजिटल कॉमिक म्युझियम आणि कॉमिक बुक प्लस या दोन संकेतस्थळांवर रसिकांनी आपले अंक स्कॅन करून चढवले आहेत. जाहिरातींसकट, डाग-सुरकुत्यांसकट. पुण्यात बसूनही वाचता येतात.

तिथे हार्वी या प्रकाशकाची 'चेंबर ऑफ चिल्स' आणि 'विचेस टेल्स' शोधा. हार्वी म्हणजे पुढे कॅस्पर हे मैत्रीखोर भूत घरोघरी नेणारा प्रकाशक. त्याच छापखान्यातून १९५० च्या सुमाराला निघालेल्या या कथा वाचताना विश्वास बसत नाही, इतक्या त्या काळ्याकुट्ट आहेत.

ईसीचे अंक मात्र तिथे नसतात, कारण गेन्सने आपले हक्क जपले. ईसीसाठी पुनर्मुद्रणं घ्यावी लागतात. डार्क हॉर्सने 'ईसी आर्काइव्हज' या नावाने जाडजूड रंगीत खंड काढले आहेत. फॅन्टाग्राफिक्सने एकेका चित्रकाराचं काम वेगळं करून काळ्या-पांढऱ्या छपाईत दिलं आहे. नवख्याने आधी काळं-पांढरं घ्यावं असं मी सांगेन. रेषा उघडी दिसते. अमेरिकेत असाल तर विकत घेण्याआधी गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारा. एका ठिकाणी नसेल तर दुसऱ्या गावाहून मागवून देतात.

आणि कोलंबसला आलात तर ओहायो स्टेट विद्यापीठातलं बिली आयर्लंड कार्टून लायब्ररी अँड म्युझियम चुकवू नका. प्रदर्शन बघायला पैसे पडत नाहीत. तिथे मूळ चित्रांचे तक्ते बघताना पहिल्यांदा लक्षात येतं की ही चित्रं छापलेल्या पानापेक्षा केवढी मोठी काढलेली असतात. शाईच्या खाली निळ्या पेन्सिलीच्या खुणा, चुकलेल्या जागी पांढरा रंग. मी तिथे उभी असताना शेजारच्या एका शाळकरी मुलीने आईला विचारलं, की हे खरंच माणसाने हाताने काढलं? तो प्रश्न मनात धरूनच ही पानं बघावीत.

ईसीचं पान वाचायचं कसं

इथे जरा वेळ देते, कारण नवखे लोक इथेच कंटाळतात.

पहिली अडचण मजकुराची. प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर चार-पाच ओळींचा पिवळा पट्टा, आणि त्यात जे लिहिलंय तेच खाली चित्रात. आजच्या वाचकाला हे दुहेरी वाटतं. पण हे झालं कसं ते कळलं की वाचायची रीतही कळते. फेल्डस्टाइन गोष्ट थेट चित्राच्या तक्त्यावर लिहायचा. मग ती अक्षरं लिरॉय नावाच्या साच्याने, आराखडे काढतात तशी एकसारखी लिहिली जायची. चित्रकाराच्या हातात तक्ता जायचा तेव्हा शब्द आणि चौकटी आधीच ठरलेल्या असत. उरलेल्या जागेत त्याने चित्र काढायचं. म्हणजे आधी आवाज, मग चित्र. म्हणून तसंच वाचा: पट्टा मोठ्याने वाचा, थांबा, मग खालच्या चित्राकडे बघा. दोघं-तिघं असाल तर वाटून घ्या. एकाने निवेदन, बाकीच्यांनी पात्रं. नाटकाची तालीम करतो तसं. एका कथेला सहा ते आठ पानं असतात. असं वाचलं तर वीसेक मिनिटं लागतात.

आता वेताळ. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'चा क्रिप्ट-कीपर, 'व्हॉल्ट'चा व्हॉल्ट-कीपर आणि 'हॉन्ट'ची ओल्ड विच, म्हणजे म्हातारी चेटकीण. पहिल्या पानावर हे तुमचं स्वागत करतात, शेवटच्या चौकटीत येऊन फिदीफिदी हसतात. त्यांचं काम शब्दांवर कोट्या करणं. या कोट्यांचं मराठी होत नाही, प्रयत्नही करू नका. इंग्रजीतच, घोगऱ्या आवाजात, ताणून वाचा. शीर्षकंसुद्धा तशीच दुहेरी अर्थाची. बेसबॉलच्या मैदानावरच्या एका गाजलेल्या कथेचं नाव 'फाउल प्ले', आणि नियमभंगापासून खुनापर्यंत त्या दोन शब्दांत जे जे बसतं ते सगळं कथेत आहे.

शेवटचं पान उलटण्याआधी थांबा. पुस्तक मिटा आणि सगळ्यांना विचारा, काय होणार? ईसीच्या कथांचा नियम एकच: करावे तसे भरावे. ज्याने जे पाप केलं तेच, त्याच मापाने, त्याच्या गळ्यात येणार. पण कसं येणार हे ओळखण्यात मजा आहे. आमच्याकडे यावर पैजा लागतात, चकलीच्या.

मग चित्रकार ओळखायला शिका. तीन पुरेत. ग्रॅहम इंगल्सची सही 'घॅस्टली' अशी असते. त्याच्या चित्रात सगळं ओलं आहे: केस चिकटलेले, ओठांमधून लाळेच्या तारा, भिंतींना घाम. ओल्ड विच त्याचीच. जॅक डेव्हिसची माणसं लांबुडकी, गुडघ्यात वाकलेली, बूट मोठाले, कपड्यांना सुरकुत्याच सुरकुत्या. घाबरली की घामाचे थेंब चहूकडे उडतात. जॉनी क्रेग याच्या उलट, स्वच्छ आणि नीटनेटका. त्याच्या चित्रातलं घर एखाद्या जाहिरातीतल्यासारखं असतं, म्हणून तिथे खून झाला की जास्त लागतं. सेनेटसमोर धरलेलं ते मुखपृष्ठ त्याचंच.

पहिली कथा कोणती? मी 'पोएटिक जस्टिस' सुचवते, 'हॉन्ट ऑफ फिअर'च्या बाराव्या अंकातली, १९५२ ची, इंगल्सने काढलेली. एक गरीब म्हातारा, लहान मुलांचा आणि कुत्र्यांचा लाडका. समोरच्या श्रीमंत घराला तो नकोसा होतो. त्याला हुसकावण्यासाठी ते काय काय करतात आणि चौदा फेब्रुवारीचा, प्रेमपत्रांचा दिवस त्यात कसा येतो, ते वाचा. इंगल्सने त्या म्हाताऱ्याचे हात आणि वाकलेली पाठ इतक्या मायेने काढली आहे की भूत येण्याआधीच घसा दाटतो. १९७२ मध्ये या मासिकांवरून ब्रिटनमध्ये निघालेल्या चित्रपटात ही कथा आहे आणि म्हाताऱ्याचं काम पीटर कुशिंगने केलं आहे. आधी कॉमिक, मग चित्रपट, हा क्रम मोडू नका. आणि त्यात आत्महत्या आहे, तेव्हा कुणासमोर वाचताय याचं भान ठेवा.

घरात मुलं असतील तर

ईसी पंधराच्या पुढे. त्याआधी नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना डिस्नेचं 'लोनसम घोस्ट्स' दाखवा, १९३७ चं. घाबरवायला कुणीच येत नाही म्हणून कंटाळलेली चार भुतं स्वतःच फोन करून भूत पकडणाऱ्यांना बोलावतात; येतात ते मिकी, डोनाल्ड आणि गूफी. मुलं हसून लोळतात. त्यानंतर १९५२ चं 'ट्रिक ऑर ट्रीट', ज्यात डोनाल्ड आपल्या भाच्यांना खाऊ देण्याऐवजी त्यांच्या पिशव्यांत फटाके टाकतो आणि मग विच हेझल नावाची चेटकीण मुलांची बाजू घेते. दारोदार खाऊ मागायची पद्धत महायुद्धातलं साखरेचं रेशनिंग संपल्यावर अमेरिकाभर पसरली. हे कार्टून त्याच लाटेवरचं आहे, म्हणून भारतातल्या भाचरांना हॅलोविन समजावून सांगायला याच्याइतकं सोपं काही नाही. डोनाल्डची कॉमिक्स काढणाऱ्या कार्ल बार्क्सने त्याच वर्षी याचं कॉमिक केलं. त्याने स्वतःच्या कल्पनेने घातलेली काही पानं तेव्हा संपादकांनी काढून टाकली होती, ती पुढच्या संग्रहांत परत आली. संग्रहच घ्या.

कॅस्परबद्दल पालकांना सावध करते. नंतरची हार्वीची कॉमिक्स अगदी निरागस आहेत. पण १९४५ च्या पहिल्या कार्टूनमध्ये एकटा पडलेला कॅस्पर रेल्वेच्या रुळांवर जाऊन झोपतो. १९४८ च्या एका कार्टूनमध्ये त्याचा मित्र झालेलं कोल्ह्याचं पिल्लू शिकारीत मरतं. माझ्या बहिणीची सहा वर्षांची मुलगी त्यानंतर अर्धा तास रडत होती. शेवट गोड आहे, तो कोल्हा भूत होऊन परत येतो, पण तोवर वेळ निघून गेलेली असते. आधी स्वतः बघा.

आठ-दहा वर्षांच्यांना बग्ज बनीचं 'ब्रूमस्टिक बनी', १९५६ चं. चक जोन्सचं दिग्दर्शन आणि जून फोरेचा आवाज. डिस्नेच्या विच हेझललाही आवाज तिचाच होता. एका संध्याकाळी दोन्ही लावा आणि मुलांना आवाज ओळखायला सांगा. आणि १९६६ चं 'इट्स द ग्रेट पम्पकिन, चार्ली ब्राऊन' तर सगळ्यांनी मिळून बघायचं. भोपळ्याच्या मळ्यात रात्रभर कुडकुडत वाट बघणारा लायनस माझा फार लाडका आहे.

मोठ्यांसाठी, मुलं झोपल्यावर, युपीए या स्टुडिओचं 'द टेल-टेल हार्ट' ठेवा. १९५३ चं, एडगर अॅलन पो यांच्या कथेवरचं, जेम्स मेसनच्या आवाजातलं. ब्रिटनमध्ये 'फक्त प्रौढांसाठी' असं प्रमाणपत्र मिळालेलं हे पहिलं कार्टून. खुनी माणूस जवळजवळ दिसतच नाही. त्याचा आवाज आणि त्याची नजर, एवढंच.

गोडी लागली तर पुढे

कोड लागू झाल्यावर भुतं मेली नाहीत, त्यांनी वाट बदलली. जेम्स वॉरन या प्रकाशकाने १९६४ मध्ये 'क्रीपी' काढलं, मोठ्या आकाराचं आणि काळं-पांढरं. ते मासिक म्हणून विकलं जायचं, त्यामुळे कॉमिक्सचा कोड त्याला लागू नव्हता. ईसीचे कितीतरी चित्रकार तिथे परत भेटतात, आणि सांगणाऱ्याच्या गादीवर आता अंकल क्रीपी असतो. डीसीच्या 'हाउस ऑफ मिस्ट्री'चं संपादन १९६८ पासून जो ऑर्लँडोकडे आलं, तोही ईसीचाच. तिथे गोष्ट सांगतो केन. हे कोडच्या चौकटीत असल्याने बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाही देता येतं. १९७१ मध्ये कोड सैल झाला आणि पुढच्याच वर्षी मार्व्हलने 'टूम ऑफ ड्रॅक्युला' आणलं. सत्तरही अंक जीन कोलन या एकाच चित्रकाराचे. धुकं काढावं तर त्याने.

जुना अंक विकत घेताना

पहिल्या वर्षी घेऊ नका. दुसऱ्या वर्षी घ्यावासा वाटलाच तर कोडनंतरचा, वापरलेला, स्वस्तातला घ्या.

मी एकदा ईसीचा मूळ अंक म्हणून ऑनलाइन एक अंक घेतला. पाकीट उघडलं तर कागद पांढराशुभ्र. १९९० च्या दशकात या मासिकांची पुनर्मुद्रणं तीच मुखपृष्ठं घेऊन निघाली होती, त्यातला तो होता. वाईट वाटलं, पण त्यातून तपासणी शिकले. कोपऱ्यातली किंमत बघा. १९५० च्या दशकातला अंक दहा सेंटचा असणार. बारकोड दिसला तर तो अंक १९७० च्या मध्याच्या आधीचा नाही. आतल्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत प्रकाशकाचं नाव आणि तारीख असते, तिचा फोटो विकणाऱ्याकडे मागा. जुना अंक आजच्यापेक्षा अंमळ रुंदही असतो.

हे कागद लाकडाच्या स्वस्त लगद्याचे. हवा आणि उजेड लागून पिवळे पडतात, कडा बिस्किटासारख्या तुटतात. हात धुऊन कोरडे करा, अंक टेबलावर ठेवून वाचा, पूर्ण सपाट उघडू नका. फाटलं तर चिकटपट्टी मुळीच लावू नका. काही वर्षांत तिचा डिंक कागद खातो. मायलार या पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, मागे आम्लविरहित पुठ्ठा, आणि कपाटात उभा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत सिलिका जेलच्या पुड्याही ठेवा.

३१ ची रात्र

आमच्याकडे साडेआठला दारावरची वर्दळ ओसरते. मग पायरीवरचा भोपळा आत आणतो, टेबलावर ठेवतो आणि बाकी दिवे घालवतो. आधी 'द स्केलेटन डान्स', दरवर्षी, न चुकता. मग धाकट्यांची रवानगी. मग एक कथा, फक्त एकच, मोठ्याने. दुसरी वाचायचा मोह होतो, पण पहिलीचा शेवट कानात राहू द्यायचा असेल तर तो आवरायला हवा. ज्याला भीती वाटते त्याला भोपळ्याशेजारची खुर्ची.

वाचून झालं की एका वहीत तारीख, कथेचं नाव, चित्रकार आणि वाचणाऱ्याचं नाव लिहून ठेवतो. ती वही बघूनच पुढच्या वर्षी काय वाचायचं ते ठरतं. यंदा माझ्या मुलाने इंगल्सच्या पानाखाली लिहिलं आहे, की पुढच्या वेळी म्हातारा मी.